दहाव्याच्या आधी लावलेलं ब्लेड

शुभा, तू मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलीस. हॉस्पिटलच्या कागदावर सात वाजून पाच मिनिटं लिहिलंय. ती डॉक्टरांनी तपासल्याची वेळ आहे. त्यांनी त्यांच्या नियमाने लिहिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तू गेलीस ती रिक्षात, पुलाखालच्या सिग्नलला, आणि तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. म्हणून इथे सहा चाळीसच राहील.

तू माझी धाकटी बहीण. मुलुंड पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आई-बाबांनंतर आपण दोघंच राहत होतो. मी वर्तमानपत्रात एकतीस वर्षं काढली, आधी बातमीदार म्हणून, मग डेस्कवर. तू शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. पुढच्या वर्षी निवृत्त झाली असतीस. मृत्युलेखात यानंतर स्वभाव येतो आणि स्वभाव नेहमी मनमिळाऊ असतो. तू मनमिळाऊ नव्हतीस. हेकट होतीस, आणि बहुतेक वेळा बरोबर होतीस. त्यामुळे तुझ्याबरोबर राहणं जास्तच कठीण होतं.

तुला सांगायचंय ते तुझ्या झाडाबद्दल. तुझ्यामागे त्याचं काय झालं आणि कुणी काय केलं, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण दोष माझा होता. समोरची दोन मजली इमारत पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा आपल्या हॉलमधलं ऊन गेलं. तू घड्याळ लावून मोजलंस. आधी साडेतीन तास यायचं, नंतर चाळीस मिनिटं, तेही खिडकीच्या कोपऱ्यात. आईची तुळस चार महिन्यांत गेली. त्यानंतर आलेलं ओव्याचं रोप गेलं, कोरफडही गेली. कोरफड मरताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी म्हणालो, “शुभा, आता या घरात प्लास्टिकची फुलं आण. ती तरी टिकतील.”

 पुढच्या रविवारी घाटकोपरला गेलीस. तिथे हेतलबेन नावाच्या बाईंच्या सोसायटीच्या गच्चीवर झाडांची अदलाबदल असते हे तुला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं होतं. शाळेच्या आवारातल्या ब्रह्मकमळाची तीन पानं घेऊन गेलीस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काडी घेऊन आलीस. काडीला एकच पान. ते अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, जणू कुणी मधोमध चुना लावलाय.

“हे काय?”

“मॉन्स्टेरा. पांढऱ्या छटेचा.”

“चुना का लावलाय त्याला?”

“जन्मतःच असा असतो, दादा. वेल आहे. काठी दिली की वर चढतो.”

“या अंधारात?”

“तू प्लास्टिकचं म्हणालास ना? मग आता बघ.”

मी बघितलं. तू छताच्या हुकाला झाडांसाठी मिळतो तो दिवा टांगलास, त्याला वेळ लावायचं यंत्र जोडलंस, आणि रोज बारा तास हॉलमध्ये जांभळट उजेड पडायला लागला. रस्त्यावरून बघणाऱ्यांना वाटायचं आपण ब्युटी पार्लर काढलंय. वॉचमनने एकदा विचारलंही. तू काथ्या गुंडाळलेली काठी रोवलीस. मातीत नारळाच्या काथ्याचा चुरा, कोळसा आणि विटेचे तुकडे घातलेस. पाण्याचा नियम एकच होता. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी. ते बोट तुझंच. माझ्या बोटावर तुझा विश्वास नव्हता. “तुझी बोटं टाइप करून बधिर झालीत,” म्हणायचीस.

नऊ पानं झाली होती. नववं पान पडद्याच्या दांडीला लागत होतं. ते तू बघितलंस.

आपला वाद मला नीट नोंदवायचाय, कारण तो संपला नाही आणि त्यात माझी बाजू आता मलाच पटत नाही.

तुझं म्हणणं असं. पानाच्या पांढऱ्या भागाला उन्हातून अन्न करता येत नाही. तो हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. म्हणून या झाडाला कधीमधी एखादा पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो ताकदवान असतो, भराभर वाढतो आणि तसाच ठेवला तर वर्षभरात सगळं झाड साधं हिरवं होतं. तेव्हा हिरवा फुटवा दिसला की तो कापायचा. माझं म्हणणं असं, की झाडाला जगायला जे सोयीचं आहे ते ते करतंय, तर तू मध्ये का पडतेस? निरोगी कापून आजारी वाचवायचं, हा कुठला न्याय?

“आजारी तुला वाटतं. मला नाही वाटत.”

“फुकटे आहेत ते पांढरे. काम नाही, धाम नाही, नुसतं बसून खायचं.”

“मग तू? सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला उठतोस आणि विचारतोस भाजी काय आहे. मी तुला कापते का?”



तू मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस मालवणला गेलीस, तेव्हा पाचव्या पेरावरचा डोळा फुटला. तू रोज फोन करायचीस. आधी झाड, मग मी जेवलो का. “डोळा फुटला का?” मी म्हणालो, “नाही.” प्रत्यक्षात तो चार बोटं वाढला होता आणि पूर्ण हिरवा होता. मी तो काठीच्या मागे वळवून ठेवला होता, भिंतीकडे, तुला दिसू नये म्हणून. एकतीस वर्षांत माझ्या दोन बातम्या चुकल्या, पण जाणूनबुजून खोटं मी छापलं नाही. तुला दिलेली ती खोटी खबर माझी एकमेव.

तू घरात आलीस, बॅग खाली ठेवायच्या आधी काठीच्या मागे वाकून बघितलंस आणि म्हणालीस, “दादा, तू खरंच बातमीदार होतास?” फुटवा कापलास. टाकला नाहीस. पाण्याच्या बाटलीत घालून माझ्या टेबलावर ठेवलास. “हे घे तुझं निरोगी. वाढव.”

मी बारा दिवस त्याचं पाणी बदललं नाही. विसरलो, असं लिहिलं तर ते अर्धसत्य होईल. रोज समोर दिसत होता. तो सडल्यावर मी जुन्या पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकला. तू कचऱ्याची बादली रोज बघायचीस, म्हणजे तुला कळलं होतं. तू एका शब्दानेही बोलली नाहीस. तो टोमणा तू मारायला हवा होतास. तो राहून गेला.

आता रविवार. तू जायच्या दोन दिवस आधीचा.

दर रविवारी तू कुंडी पाव फेरा फिरवायचीस, सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळावा म्हणून. कुंडी जड होती, पण कुणाला हात लावू द्यायची नाहीस. त्या रविवारी म्हणालीस, “दादा, जरा फिरवतोस? मला आज जमत नाहीये.” मी म्हणालो, “का गं, काय झालं?” तू म्हणालीस, “ॲसिडिटी. खांदा पण धरलाय.” मी कुंडी फिरवली आणि परत पेपर वाचायला बसलो.

डेस्कवर नव्या मुलांना मी एक गोष्ट शिकवायचो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं, म्हणून दुसरा विचारा. कशावरून? कधीपासून? तुझ्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा विचारला नाही. ज्या बाईने चार वर्षांत त्या कुंडीला माझं बोट लागू दिलं नाही, ती म्हणाली तूच फिरव, आणि मला त्यात बातमी दिसली नाही.

यावर लोक म्हणतात, विधिलिखित. नियती. हा शब्द मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातून काढत आलो. पूल पडतो तेव्हा नियती नसते, कुणीतरी पाहणी केलेली नसते. तुझ्याही बाबतीत मी तो काढतोय. रविवारी डॉक्टरकडे नेलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. नेलं नाही, हे माहीत आहे.

लोक आणखीही बरंच बोलले. मी बसून ऐकलं, कारण ते दुःखाने आले होते आणि मी यजमान होतो. आता तू ऐकतेयस असं धरून दुरुस्त्या करतो. “सुटली बिचारी.” तू कशातही अडकलेली नव्हतीस. “कुणाला त्रास न देता गेली, भाग्यवान.” मला त्रास झाला. होतोय. तू सहा महिने अंथरुणावर पडून रोज मला शिव्या दिल्या असत्यास तर मी ते पसंत केलं असतं. “एकटी बाई, मागे कुणी नाही.” मागे मी आहे. “आता तू स्वतःला सावर.” मी सावरलेलाच होतो. सावरून पेपर वाचत होतो, तेव्हा हे झालं.

आता मुख्य घटना.

तुझ्या दहा दिवसांसाठी बोरिवलीहून आत्या येऊन राहिली. बाबांची बहीण, वय एक्याऐंशी, तू तिला घाबरायचीस आणि ती तुला. हॉलमध्ये तुझ्या नावाने समई लावली. पहिल्याच संध्याकाळी आत्या म्हणाली, “ह्यो जांभळो उजेड बंद कर रे बाबू. समयेम्होरं बरो दिसणा नाय.” मी यंत्राची पिन काढली. वाऱ्याने समई विझू नये म्हणून पंखा बंद केला आणि खिडकीही लावून घेतली. या तिन्ही गोष्टी मी माझ्या हाताने केल्या. तेव्हा झाड माझ्या डोक्यात नव्हतं.

सुतकाच्या घरी चहा देत नाहीत, हे तुला माहीत आहे. पाणी देतात. लोक येत, तुझ्या कुंडीला लागून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसत, तांब्यातलं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन वरून पीत. कुणालाच खरं तर तहान नसायची. अर्धं भांडं उरायचं. उरलेल्याचं काय करायचं? मोरी आत, दुसऱ्यांच्या दुःखाच्या घरात आत कसं जायचं? शेजारी कुंडी होती. तुझं झाड, तुझ्या हातचं. ते पाणी त्यात ओतायचे. वरून प्यायलेलं, उष्टं नाही, म्हणजे झाडाला चालतं. काहींनी तर ओतताना डोळे मिटले. तळमजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी मुद्दाम तांब्याभर घालून जायच्या. “शुभाचं झाड तहानलेलं राहायला नको.” आत्यानेही घातलं. तुझ्याकरता काही करायचं तर हातात तेवढंच होतं. अंधार, बंद पंखा, बंद खिडकी, आणि सात दिवस सगळ्या मुलुंडचं पाणी.

मी त्याच खोलीत बसलो होतो. मी ते बघत होतो. मला वाटलं, चांगलं करतायत.

सातव्या दिवशी दुपारी वास आला. भिजलेली चादर बादलीत राहिली की येतो तसा. मला वाटलं समईच्या तेलाचा असेल. मग बघितलं, तर खालची तीन पानं पिवळी पडून लोंबत होती आणि बुंध्याचा रंग काळा झाला होता. मी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत जायची गरज नव्हती. चिखल होता.

तुझ्या फोनमधून नंबर काढून हेतलबेनना लावला. त्यांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. आधी ते सांगावं लागलं.  मग मी झाडाचं सांगितलं.

“वास येतोय?”

“हो.”

“काळं कुठपर्यंत गेलंय?”

“तिसऱ्या पेरापर्यंत.”

“दादा, मग बसू नका. मूळ सडलं. आता काळ्याच्या वर कापत जायचं, जिथे आतून पांढरं-हिरवं कडक लागेल तिथपर्यंत. प्रत्येक तुकड्याला एक डोळा, एक पान, आणि ते बाहेर लोंबतं ना, हवेतलं मूळ, ते ठेवायचं. ब्लेड आधी स्पिरिटने पुसा. प्रत्येक काप झाला की परत पुसा. शुभाकडे असेल.”

होतं. तुझ्या कपाटात, शाळेतून आणलेल्या डब्यात. मी ब्लेड काढलं आणि वर्तमानपत्र अंथरलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“काय करतंस?”

“झाड कापतोय.”

“दहावो होयसर ब्लेड लावूचा नाय. तुका म्हायत नाय? दाढी केलंस नाय, नखां काढलंस नाय, आणि तिच्या झाडाक ब्लेड लावतंस?”

“आत्या, दाढी तीन दिवस थांबेल. हे थांबणार नाही.”

“झाड खंय पळान जाता? तीन दिसांनी काप.”

“तीन दिवसांनी कापायला काही उरणार नाही.”

“घरात समई पेटता हा. लोक काय म्हणतले?”

“लोकांनीच पाणी घातलंय.”

“म्हणजे माझ्यानच मेला, असा म्हणतंस?”

“मी पण बघत बसलो होतो. मेलेलं नाहीये अजून. सरक जरा, उजेड अडतोय.”

आत्याला ‘सरक’ असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ती सरकली नाही. मी पंख्याचं बटण दाबलं, खिडकी उघडली, तुझ्या दिव्याची पिन लावली आणि त्या जांभळ्या उजेडात कापायला बसलो. समई फडफडली. आत्याने पदराचा आडोसा करून ती धरली. तशीच उभी राहिली आणि मला शिव्या देत राहिली.

मला देवाधर्माशी भांडण नाही. दहा दिवस मी खाली झोपलो, तुझ्या नावाने जे सांगितलं ते केलं. पण तुझं म्हणून या घरात जिवंत असलेली एकच गोष्ट होती आणि ती माझ्यासमोर सडत होती. एकदा मी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. दोनदा तेच करणार नव्हतो.

पहिला काप काळा निघाला, दुसराही. तिसऱ्याला मधोमध तपकिरी ठिपका होता, तोही सोडला. चौथ्याला आतून स्वच्छ लागलं. हाताला येणारा तो कडकपणा तू कधी सांगितला नव्हतास. नऊ पानांपैकी चार तुकडे वाचले. कापलेल्या तोंडांना बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली, तासभर सुकू दिलं आणि चार भांड्यांत पाणी घालून ठेवलं. ती सुतकाचीच भांडी होती. घरात दुसरी काचेची नव्हती.

 संध्याकाळी आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, “जगतला?”

“माहीत नाही.”

“मग कापलंस कित्याक?”

“कापलं नसतं तर मेलं असतं, हे माहीत होतं.”

ती म्हणाली, “तू आणि ती. दोघांची डोकी एकाच दगडाची.” आणि उठून पिठलं गरम करायला गेली. तुझ्याशी माझी तुलना कुणी केली आणि मला बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. त्या सकाळी तिथे बरीच कुटुंबं होती. कावळ्यांची पोटं भरलेली होती, असं माझं निरीक्षण. नातेवाइकांनी नेहमीसारखं एकेक आश्वासन द्यायला सुरुवात केली. घराचं बघू. दादाचं बघू. कावळा बाजूच्या भिंतीवर पाठ करून बसला होता. आत्या माझ्या कानाशी आली. “म्हण, झाड सांभाळतंय म्हणान. तिचो जीव थंय आसा.”

मी म्हणालो, “सांभाळेन हे मला माहीत नाही.”

“अरे, म्हणाक काय जाता?”

“खात्री नसलेलं मी म्हणत नाही. तिलाही चाललं नसतं.” एकदा तुला खोटी खबर दिली होती. दुसरी त्या जागी देणार नव्हतो.

भटजी घड्याळ बघत होते. म्हणाले, “प्रयत्न करतो, एवढं म्हणता येईल का?”

मी म्हणालो, “शुभा, चार तुकडे पाण्यात आहेत. प्रयत्न करतोय.”

थोड्या वेळाने कावळा शिवला. आत्या रडली. कशामुळे शिवला, हे मी सांगू शकत नाही.

त्यानंतर मी तुझं सगळं वेळापत्रक चालवलं. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदललं. रोज सकाळी भांडी उजेडाकडे धरून बघितली. कुणी येऊन बसलं तर भांडी आत नेली. एक तुकडा पंधराव्या दिवशी मऊ पडला. एक बाविसाव्या दिवशी. ते टाकताना मी पेपरात गुंडाळले नाहीत. झाकलं नाही.

उरले दोन. हेतलबेन घाटकोपरहून बघायला आल्या. चष्मा वर करून दोन्ही देठ तपासले आणि मला जे समजावलं ते तू मला चार वर्षांत कधीच समजावलं नाहीस, कारण मी वाद घालत होतो, ऐकत नव्हतो. देठावर पांढऱ्या-हिरव्या रेघा असतात. डोळा ज्या रेघेवर बसलाय, तसा कोंब येतो. रेघ हिरवी तर पानं हिरवी. मिश्र तर मिश्र. पूर्ण पांढरी तर पान पूर्ण पांढरं.

“हा हिरवा येणार,” त्या पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. दुसऱ्याकडे बराच वेळ बघितलं. “हा पांढऱ्यावर आहे, दादा. पूर्ण.”

“म्हणजे?”

“म्हणजे पान येईल, सुंदर येईल. पण ते स्वतःचं खाणं करू शकत नाही. जुनं पान आहे तोपर्यंत चालेल. मोठं झाड असतं तर मी म्हटलं असतं कापा, खालच्या डोळ्यावर जा. इथे खाली डोळाच नाही. एकच आहे.”

“मग काय करू?”

“हिरवा वाढवा. तो जगेल. आणि याच्यावर जास्त आशा नका ठेवू.”

म्हणजे बघ. तुझा-माझा वाद दोन भांड्यांत समोर येऊन बसला आणि भांडायला मी एकटा. हिरव्याला महिना भरायच्या आत बोटभर मुळं आली, कोंब फुटला. मी म्हणायचो तसा निरोगी. आत्या महिन्याच्या श्राद्धाला आली तेव्हा त्याच्याकडे बघून म्हणाली, “ह्यो माका दी. बोरिवलेक माझ्या गॅलरीत ऊन आसा.” मी विचारलं, “पाणी किती घालशील?” तिने भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवून दाखवलं, दुसऱ्या पेरापर्यंत. मी म्हणालो, “मातीत, आत्या. पाण्यात नाही.” तिने मला तुझी शिवी दिली, जी तू मला द्यायचीस, आणि मला कळलं ती तू कुठून उचललीस. झाड ती घेऊन गेली. ते तिथे वाढतंय. कालच फोनवर दुसऱ्या नव्या पानाची बातमी दिली.

पांढऱ्या डोळ्याचा मी ठेवला.

का, ते सांगतो. मी त्याला फुकटा म्हणायचो. तो काही कमावत नाही, हे आजही खरं आहे. पण तू या अंधाऱ्या हॉलमध्ये ते झाड टिकेल म्हणून आणलं नव्हतंस. टिकणार नाही असं मी म्हणालो म्हणून आणलं होतंस, आणि मग रोज सकाळी बोट घालून, दिवा लावून, काठी बांधून ते टिकवलंस. एखादी गोष्ट स्वतःच्या बळावर जगत नाही म्हणून ती सोडून द्यायची, हा हिशेब तुला कधीच मान्य नव्हता. मला तो मान्य होता. आता नाही. हे तुला समोर बसून सांगायला हवं होतं. मी सुट्टीच्या दिवशी झोपून होतो.

हेतलबेन सांगतात आशा ठेवू नका. मी ठेवलेली नाही. मी पाणी बदलत राहिलो. मुळं आल्यावर तुझ्याच प्रमाणाने चुरा, कोळसा आणि विटेचे तुकडे घेतले, लहान कुंडी भरली आणि तुकडा त्यात लावला. जुन्या पानावरची धूळ ओल्या फडक्याने पुसतो, दोन्ही बाजूंनी, कारण अन्न तेच करतंय आणि त्यालाही आता वय झालंय. पांढरी बाजू कडेने तपकिरी व्हायला लागली आहे. हिरव्या बाजूवर माझी नजर असते.

आज त्रेपन्नावा दिवस. गेल्या आठवड्यात कोंबाची सुरळी दिसली. सोमवारी ती देठापासून सुटली. आज सकाळी सव्वासात वाजता पान पूर्ण उघडलं. लांबी सात सेंटिमीटर. रंग पांढरा, हिरवं कुठेही नाही. जुन्या पानाची हिरवी बाजू शाबूत आहे.